हिरवा रंग म्हणजे होकार नव्हे: अहिल्यानगरची जमीन सागाला चालेल का, हे नकाशावरून कसं ओळखायचं?

यूट्यूबवर शेतीचे दोन-चार व्हिडिओ बघितले की पुढचा व्हिडिओ हमखास सागाचा, महोगनीचा नाहीतर चंदनाचा येतो. एक एकर, चारशे-पाचशे झाडं, बारा-पंधरा वर्षं आणि शेवटी कोटीचा आकडा. हल्ली त्यात एका नव्या गोष्टीची भर पडली आहे, ती म्हणजे सॅटेलाइट नकाशाचा स्क्रीनशॉट. तालुका लाल, पिवळा, हिरवा असा रंगवलेला असतो आणि विकायला काढलेला प्लॉट बरोब्बर हिरव्यात असतो.

असे नकाशे बनवणं आता अवघड राहिलेलं नाही, आणि त्यामागची पद्धत खोटीही नाही. सरकारसुद्धा तीच पद्धत वापरतं. प्रश्न एवढाच आहे, की त्या हिरव्या रंगाचा नेमका अर्थ काय? अहिल्यानगर जिल्हा यासाठी उत्तम उदाहरण आहे. क्षेत्रफळाने राज्यातला सगळ्यात मोठा जिल्हा, १४ तालुके, आणि एका टोकाला कळसूबाई तर दुसऱ्या टोकाला कर्जत-जामखेडचा कोरडा माळ. इथे नकाशा कुठे बरोबर बोलतो आणि कुठे फसवतो, ते स्पष्ट दिसतं.

हा नकाशा बनतो कसा?

फेब्रुवारी २०२४ मध्ये नीती आयोगाने 'ग्रो' नावाचा अहवाल आणि पोर्टल आणलं. पडीक जमिनीवर शेती आणि झाडं एकत्र कुठे घेता येतील, हे देशातल्या प्रत्येक जिल्ह्यासाठी दाखवायचा हा प्रयत्न. पोर्टल इस्रोच्या 'भुवन' या नकाशा-सेवेवर चालतं. यात पाच थर एकावर एक ठेवले आहेत: पडीक जमीन, जमिनीचा सध्याचा वापर, पाणीसाठे, मातीतला सेंद्रिय कर्ब आणि उतार. प्रत्येक थराला गुण मिळतात आणि त्यातून एक निर्देशांक निघतो. त्यानुसार देशातली ६.१८ टक्के जमीन वनशेतीला अतियोग्य आणि ४.९१ टक्के मध्यम योग्य ठरली.

पद्धत समजायला सोपी आहे. दहावीच्या मार्कशीटसारखी. सगळ्या विषयांचे गुण मिळवायचे आणि टक्केवारी काढायची. कोणत्या विषयाला किती वजन द्यायचं, हे मात्र नकाशा करणारा माणूस ठरवतो. सॅटेलाइट ते ठरवत नाही.

देशाच्या पातळीवर कुठल्या जिल्ह्याकडे आधी लक्ष द्यायचं, एवढं ठरवायला हे पुरेसं आहे. पण त्या पाच थरांची यादी पुन्हा वाचा. पाऊस त्यात नाही, मातीची खोली नाही, आणि सातबारा तर नाहीच. म्हणजे जिल्ह्यासाठी केलेला नकाशा दाखवून कोणी तुम्हाला एक एकर विकत असेल, तर तो नकाशा त्या कामाचा नाही. खासगी कंपन्या आणखी थर घालतात, पाऊसही घालतात. तरी मुख्य अडचण तशीच राहते. कारण हिरवा रंग सरासरीवर उमटतो, आणि झाड मरतं ते सगळ्यात कमी असलेल्या एका गोष्टीमुळे.

अशा तीन सरासऱ्या या नकाशात लपलेल्या असतात.

पहिली सरासरी: थरांची

पारनेर तालुक्यातलं कान्हूर पठार घ्या. उताराच्या थरात पठाराला जवळपास पूर्ण गुण मिळतील, कारण जमीन सपाट आहे. रस्ता जवळ आहे, तिथेही गुण. पण दख्खनच्या या पठारांवर अनेक जागी वीतभर मातीखाली मुरूम आणि त्याखाली काळा कातळ लागतो. समजा, एका गटाला दहापैकी उतारासाठी १०, रस्त्यासाठी ९, तापमानासाठी ९ आणि मातीच्या खोलीसाठी १ गुण मिळाला. सरासरी आली ७.२५. नकाशावर रंग हिरवा! प्रत्यक्षात सागाचं मूळ दीड फुटावर कातळाला टेकतं आणि झाड तिथेच खुरटतं. चांगला रस्ता काही त्या मुळाला खाली जाऊ देत नाही.

शेतीशास्त्रात हा नियम एकोणिसाव्या शतकापासून माहीत आहे. जर्मन शास्त्रज्ञ लीबिग याच्या नावाने तो ओळखला जातो: वाढ ठरते ती सगळ्यात कमी असलेल्या घटकावर. बादलीची एक फळी आखूड असेल, तर पाणी त्या फळीपर्यंतच भरतं. म्हणून कुठलाही योग्यता-नकाशा समोर आला की एकूण गुण विचारू नका, सगळ्यात कमी गुण कुठल्या थरात आहेत ते विचारा.

दुसरं टोक प्रवरा आणि गोदावरीच्या पट्ट्यात आहे. राहाता, श्रीरामपूर, नेवासा इथे काळी खोल माती आणि कालव्याचं पाणी. मातीच्या खोलीत भरपूर गुण. पण सागाला पाय ओले ठेवलेले चालत नाहीत, निचरा लागतो. कालव्याखालच्या काही जमिनी वर्षानुवर्षं पाणी मुरून चोपण झाल्या आहेत. पांढरट थर येतो, पाणी साचून राहतं. तिथे आखूड फळी आहे निचऱ्याची. आणि ज्या काळ्या जमिनीचा निचरा चांगला आहे, तिथे आधीच ऊस उभा आहे. साग लावायचा तर दरवर्षी येणारं बिल सोडून पंधरा-वीस वर्षं थांबायचं, हा हिशेब कुठल्याच थरात नसतो.

दुसरी सरासरी: वर्षांची

सागाला साधारण १२०० ते २५०० मिलिमीटर पाऊस मानवतो. म्हणून तो चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलात आपोआप वाढतो. अहिल्यानगर जिल्हा सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत येतो आणि बहुतेक तालुक्यांत वर्षाला पाच-सहाशे मिलिमीटरच पाऊस पडतो. हा फरक लिटरमध्ये मोजून बघू. एक एकरावर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे सुमारे ४,००० लिटर पाणी. १२०० आणि ५०० मधला ७०० मिलिमीटरचा फरक म्हणजे एकरी साधारण २८ लाख लिटर. दहा हजार लिटरचे २८० टँकर! ठिबक लावलं तर एवढं सगळं लागणार नाही हे खरं. पण १० बाय १० फुटांवर एकरी ४३५ झाडं धरली, उन्हाळ्यात झाडामागे रोज फक्त १० लिटर धरले आणि फेब्रुवारी ते मध्य जून असे १३० दिवस मोजले, तरी साडेपाच लाख लिटरच्या वर जातं. तेही दरवर्षी.

इथे दुसरी सरासरी आडवी येते. पावसाचा थर हा बहुतेक वेळा तीस-चाळीस वर्षांची सरासरी असतो. पण मराठी माणसाला वेगळं सांगायला नको, की पाऊस सरासरीने पडत नाही. २०१० मध्ये कोणी इथे साग लावला असता, तर त्या झाडाने २०१२-१३, २०१५-१६ आणि २०१८-१९ असे तीन मोठे दुष्काळ बघितले असते. २०१९ च्या उन्हाळ्यात जिल्ह्यात जनावरांसाठी चारा छावण्या होत्या आणि गावांना टँकरने पाणी जात होतं. अशा वेळी बागेला पाणी कोण देणार?

बाजरी गेली तर एक हंगाम जातो. झाड गेलं तर मागची सगळी वर्षं जातात. म्हणून झाडाची जमीन निवडताना चांगलं वर्ष किंवा सरासरी वर्ष बघायचं नसतं, सगळ्यात वाईट वर्ष बघायचं असतं. सुदैवाने ते आता फोनवर बघता येतं. ते कसं, ते पुढे येईलच.

तिसरी सरासरी: पिक्सेलची

सॅटेलाइटचा नकाशा चौकोनी तुकड्यांचा बनलेला असतो. एका तुकड्याला एकच आकडा. तो तुकडा केवढा, हे आपल्या गुंठ्यात मोजलं की सगळं चित्र लख्ख होतं.

युरोपच्या सेंटिनेल-२ उपग्रहाचा एक पिक्सेल १० बाय १० मीटरचा, म्हणजे जवळजवळ बरोब्बर एक गुंठा. जगभर उंची आणि उतारासाठी वापरला जाणारा डेटा २००० साली अमेरिकेच्या स्पेस शटलमधून रडारने मोजलेला आहे. त्याचा पिक्सेल ३० मीटरचा, म्हणजे नऊ गुंठे. मातीसाठी जगभर मोफत मिळणारा 'सॉइलग्रिड्स' हा थर २५० मीटरचा, म्हणजे सुमारे पंधरा एकर. आणि पावसासाठी खूप वापरला जाणारा 'चर्प्स' हा थर साधारण साडेपाच किलोमीटरचा. त्याचा एक चौकोन सात हजार एकरांच्या आसपास!

आता बघा. तुमचा गट दोन एकरांचा. मातीचा आकडा आलाय पंधरा एकरांचा मिळून. त्यात ओढ्याकाठची खोल जमीन आहे आणि वरची मुरमाड टेकाडही आहे. सरासरी काढली की दोन्ही 'मध्यम'. तुमच्या वाट्याला नेमकं काय आलंय, हे नकाशाला माहीतच नाही. शिवाय हे थर बहुतेक अंदाजावर उभे असतात. जगभरातल्या मातीच्या नमुन्यांवरून संगणकाने मधल्या जागा भरलेल्या असतात. नकाशा कितीही झूम करा, पिक्सेल मोठा दिसेल, माहिती वाढणार नाही.

जो थर नकाशात नसतोच: जमीन कोणाची?

जिल्ह्यात भरपूर पाऊस कुठे पडतो, तर अकोले तालुक्याच्या पश्चिमेला. घाटघरला 'नगरची चेरापुंजी' म्हणतात. फक्त पावसाचा थर लावला तर हा कोपरा गडद हिरवा दिसेल. पण तिथला मोठा भाग कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य आणि वनजमीन आहे. बाकीची बरीच जमीन आदिवासी खातेदारांची आहे, आणि महाराष्ट्रात ती बिगर-आदिवासीला शासनाच्या मंजुरीशिवाय घेता येत नाही. म्हणजे जिथे पाऊस आहे तिथे जमीन विकाऊ नाही.

आता उलट टोकाला, कर्जत-श्रीगोंद्याकडे या. नकाशात 'पडीक' किंवा 'झुडपी' म्हणून दिसणारा मोकळा माळ. 'पडीक' हा शब्द इथे खूप काम करतो. 'ग्रो'च्या मांडणीत पडीक जमीन हाच एक थर आहे. देशाच्या पडीक जमिनींच्या २०१९ च्या अ‍ॅटलासमध्ये देशाचा जवळपास १७ टक्के भूभाग या सदरात येतो. पण माळ आणि पडीक यांत फरक आहे. कर्जतजवळचं रेहेकुरी अभयारण्य काळविटांसाठी आहे, आणि माळढोक अभयारण्याचा काही भाग याच पट्ट्यात येतो. काळवीट, लांडगा, माळढोक यांना गवताळ, मोकळी जमीनच लागते. तिथे दाट झाडं लावली तर जंगल वाढत नाही, माळ संपतो. मेंढपाळांसाठी तर हा माळ म्हणजे चराई. पारनेर-संगमनेरकडचे धनगर दिवाळीनंतर कोकणात उतरतात आणि पावसाळ्यात परत येतात, ते या गवताच्या भरवशावर. सॅटेलाइटला एप्रिलमध्ये रिकामी दिसणारी जमीन ऑगस्टमध्ये कोणाच्या तरी मेंढ्यांनी भरलेली असते.

गायरानाचं तर कायद्यानेच वेगळं आहे. जानेवारी २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गावाच्या सामायिक जमिनींवरची अतिक्रमणं हटवायला सांगितलं आणि त्याच वर्षी जुलैमध्ये महाराष्ट्र शासनाने गायरान जमिनींबाबत निर्णय काढला. त्यामुळे 'गावाची मोकळी जमीन लीजवर घेऊन लागवड' असा प्रस्ताव कोणी मांडला, तर तिथेच थांबा.

आणि पुणे-मुंबईत नोकरी करणाऱ्यांसाठी एक गोष्ट. कुळकायद्याप्रमाणे, जो शेतकरी नाही त्याला महाराष्ट्रात परवानगीशिवाय शेतजमीन विकत घेता येत नाही. जाहिरातीत हे सहसा बारीक अक्षरातही नसतं.

मग नकाशा कशाला बघायचा?

बघायचाच. फक्त त्याला प्रश्न उलटा विचारायचा. 'कुठे लावू?' हे त्याला नीट सांगता येत नाही. 'कुठे लावू नको?' हे तो फार चांगलं सांगतो, तेही फुकट आणि घरबसल्या. दहा गटांपैकी सात-आठ इथेच गळतात आणि तुमच्या दहा चकरा वाचतात. क्रम असा ठेवा:

१. गट नंबर घ्या. महाभूनकाशाच्या वेबसाइटवर गटाचा आकार बघा आणि सातबारा काढा. भोगवटादार वर्ग १ की २, इतर हक्कात कोणाची नावं, कर्जाचा बोजा, हे आधी. इथे अडलं तर पुढचं काहीच करू नका.

२. गुगल अर्थमध्ये त्याच आकाराची हद्द स्वतः आखा. ही अंदाजे हद्द आहे हे लक्षात ठेवा. खरी हद्द भूमी अभिलेख खात्याच्या मोजणीनेच ठरते.

३. गुगल अर्थमध्येच जुन्या तारखांची चित्रं उघडा. पावसाळ्यानंतरचं आणि उन्हाळ्यातलं चित्र शेजारी ठेवून बघा. ओढा कुठून जातो, पांढरट डाग कुठे आहेत, पायवाटा आणि मेंढ्यांचे वाडे दिसतात का?

४. आता सगळ्यात महत्त्वाचं. कोपर्निकस ब्राउझर ही मोफत वेबसाइट उघडा, सेंटिनेल-२ निवडा आणि तारीख टाका मे २०१९. एनडीव्हीआय हा थर लावा. झाडाचं हिरवं पान लाल प्रकाश शोषतं आणि डोळ्यांना न दिसणारा जवळचा इन्फ्रारेड प्रकाश परत फेकतो. या दोन्हींच्या फरकावरून हिरवेपणाचा आकडा निघतो. दुष्काळाच्या त्या मे महिन्यात तुमच्या गटात आणि शेजारच्या विहिरींभोवती हिरवं काही टिकलं होतं का? आसपासचे दोन-तीन किलोमीटर पूर्ण कोरडे असतील, तर विकणारा 'बोअरला बारमाही पाणी आहे' म्हणाला तरी तुमच्याकडे विचारायला पुरावा आहे. एक सावधगिरी: एनडीव्हीआयला ऊस आणि झाड यातला फरक कळत नाही, त्याला दोन्ही हिरवेच. म्हणून जुन्या चित्रांशी ताडून बघा.

५. एवढं करून जे दोन-तीन गट उरले, तिथे जा आणि खड्डे घ्या. वर, मध्ये आणि खाली, असे किमान तीन, पाच-पाच फूट खोल. कातळ किती फुटांवर लागला ते लिहा. खड्डा पाण्याने भरा. दुसऱ्या दिवशी पाणी तसंच असेल तर निचरा नाही. मातीचा नमुना तपासून घ्या. जिल्ह्यात राहुरीला महात्मा फुले कृषी विद्यापीठ आहे, बाभळेश्वर आणि दहिगाव-ने इथे कृषी विज्ञान केंद्रं आहेत.

६. शेजारच्या शेतकऱ्याला एकच प्रश्न विचारा: "२०१९ च्या मे महिन्यात तुमच्या विहिरीला किती हात पाणी होतं?" आणि संध्याकाळी पारावर विचारा की या माळावर चरायला कोण येतं.

या सगळ्यातून गेल्यावर कदाचित कळेल की जमीन चांगली आहे, पण सागाची नाही. त्यात वाईट काही नाही. चंदन कमी पावसातही तग धरतो. पण त्याला मुळांशी दुसरं यजमान झाड लागतं आणि चोरीची भीती कायम असते. मानवेल बांबू, निंब, बाभूळ ही आपल्या कोरड्या हवेला सरावलेली झाडं. हिवरे बाजारने गाव उभं केलं ते असंच: पाऊस मोजायचा, पाण्याचा ताळेबंद मांडायचा आणि मगच पीक ठरवायचं. आधी झाड ठरवून त्याच्यासाठी जमीन शोधण्यापेक्षा जमीन वाचून झाड ठरवणं स्वस्त पडतं.

लावलं, पण तोडता येईल का?

साग, चंदन, खैर ही झाडं महाराष्ट्राच्या १९६४ च्या वृक्षतोड कायद्याच्या अनुसूचीत आहेत. स्वतःच्या शेतातलं असलं तरी तोडायला परवानगी लागते. म्हणून लावल्यापासूनच झाडांची नोंद सातबाऱ्यावर हवी, आणि ई-पीक पाहणीतून ती करता येते. जून २०२५ मध्ये केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाने शेतजमिनीवरील झाडतोडीसाठी आदर्श नियम काढले. त्यात राष्ट्रीय पोर्टलवर लागवडीची नोंद करायची, शेताची हद्द केएमएल फाइलने द्यायची आणि दहापेक्षा जास्त झाडं तोडायची तर ऑनलाइन अर्ज करायचा, अशी रचना आहे. हे नियम राज्यांनी स्वीकारायचे आहेत. पण दिशा स्पष्ट आहे. उद्या नकाशा हा तुमच्या लाकडाचा कागद होणार आहे. त्यामुळे गुगल अर्थमध्ये हद्द आखून तिची केएमएल फाइल जपून ठेवायला आजच शिका.

राहिला कोटीचा आकडा. वनखात्याचा साग साधारण साठ-ऐंशी वर्षांनी तोडला जातो, कारण मधला गडद, टिकाऊ गाभा भरायला वेळ लागतो. बारा-पंधरा वर्षांच्या झाडाला त्या गाभ्याचा भाव मिळत नाही. आणि ही जाहिरात नवीनही नाही. १९९० च्या दशकात देशभर सागाच्या रोपांवर पैसे गुंतवायच्या योजना निघाल्या होत्या. चेन्नईची अनुभव प्लँटेशन्स १९९८ मध्ये कोसळली आणि हजारो लोकांचे पैसे अडकले. त्यानंतर १९९९ मध्ये सेबीने सामूहिक गुंतवणूक योजनांसाठी नियम आणले. 'तुम्ही फक्त पैसे द्या, झाडं आम्ही सांभाळतो, नफा वाटून घेऊ' असं कोणी म्हणालं, तर सेबीकडे नोंदणी आहे का, हा पहिला प्रश्न.

तेव्हा गुळगुळीत कागदाची पुस्तिका असायची, आता रंगीत नकाशा असतो. फरक इतकाच की त्या काळी गुंतवणाऱ्याकडे तपासायचं साधन नव्हतं, आणि तुमच्या खिशात ते आहे. हिरवा रंग दाखवणाऱ्याला तीन गोष्टी विचारा: सगळ्यात कमी गुण कुठल्या थराला आहेत, मे २०१९ मध्ये इथे काय होतं, आणि पाच फुटांचा खड्डा घेऊ देणार का? तिसऱ्या प्रश्नाला तो 'नको' म्हणाला, तर चौथा विचारायची गरज नाही.